ताईंची बोट

शाळा आठवीत सुटली. पुढं लग्न, मग नवऱ्याच्या कामापाठोपाठ वैनगंगेकडची मी पार इकडं संभाजीनगरात आले. पोहण्याच्या तलावावर बायकांच्या कपडे बदलायच्या खोलीत कामाला लागले. एकदा एका मुलीचं कानातलं पाण्यात पडलं. मी बुडी मारून काढून दिलं, ते तिथं शिकवणाऱ्या ताईंनी पाहिलं. ताई पावसाळ्यात मुलामुलींना कोकणातल्या खळाळत्या नदीवर कयाक, म्हणजे एकट्यानं बसायची अरुंद बोट, चालवायला नेतात. म्हणाल्या, "नदीवर पोरींसोबत मला एक बाई पाहिजे. तू शिक. माझीच जुनी बोट घे."

माझीच. या एका शब्दानं मी गार झाले. आमच्यासारख्यांना स्वतःच्या हातातलं कोण देतं?

ताईंच्या पुंडलिकनगरच्या घराच्या गच्चीवर आधी बोटीत कोरडं बसायचं असतं. पाठ ताठ, गुडघे वरच्या कडेला आतून टेकलेले, पाय पुढच्या ठोकळ्यांवर, कमरेला दोन्ही बाजूंनी फोम. बोट ढिली असली तर पाणी आपल्याला आतल्या आत फेकतं, आणि घट्ट असली तर पाय झोपतात, हे ताईंनी मला पहिल्याच दिवशी समजावलं होतं. चपलेसारखंच आहे, म्हणाल्या. बसेपर्यंत बसून राहायचं आणि चावलं की सांगायचं.

ताई अंगानं काडी. मी तशी नाही. फोम दोन्हीकडून हाडात घुसत होता. थोड्या वेळानं पावलं आपली नाहीतच असं वाटायला लागलं.

"चावतीया का गं?"

"नाही ताई. एकदम बरोबर."

काय सांगणार होते? तुमची बोट मला लहान होते? तिथं शिकायला आलेली दोन पोरं चहा पीत उभी होती. त्यांच्यासमोर माझं ढुंगण मोठं आहे असं म्हणू? गुडघ्यांना जरा आराम म्हणून मी मागं रेलले, तर ताई ओरडल्या, "सोफा हाय का तो? ऊठ, ताठ हो!" पोरांतला एक म्हणाला, "मावशी, रिमोट देऊ का?" मीही हसले. सगळा पंधरवडा तशीच हसत राहिले.

मग तलावात परीक्षा झाली. बोट उलटी करतात, पाणी आत येऊ नये म्हणून कमरेभोवती ताणलेला रबरी पडदा पाण्याखाली ओढून सोडवायचा आणि आतून सरकून बाहेर यायचं. हे जमलं तरच नदी. पाण्याची मला भीती नव्हती. बोट उलटली, पडदा मी ओढला. पण पाय हलेनात. कंबर अडकली. नाकात पाणी गेलं तेव्हा मी बोटीच्या बुडावर हात आपटले. ताई शेजारीच उभ्या होत्या, त्यांनी मला बोटीसकट सरळ केलं.

त्यांनी ओढलं, मी रेटलं, तेव्हा बाहेर निघाले, पण उभं राहता येईना.

"घाबरलीस व्हय? तू तर पाण्यातली बाई!"

मी मान डोलावली. घाबरले म्हणणं सोपं होतं. पण आत कपडे बदलताना ताई टॉवेल द्यायला आल्या आणि त्यांना माझ्या कमरेवरचे काळेनिळे डाग दिसले. काही नवे, काही पिवळे पडलेले.

"हे कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या बाकावर बसल्या. हळूच म्हणाल्या, "मी रोज विचारत होते ना गं तुला?"

उपकार मानायचे म्हणून मी खोटं बोलले होते, आणि ते खोटं त्यांनाच सांगितलं होतं ज्यांनी माझ्या जिवाची जबाबदारी घेतली होती. त्या पाण्यात मला काही झालं असतं तर जन्मभर त्यांना वाटलं असतं की आपलंच चुकलं.

"या खेपेला नदीवर नाय," ताई म्हणाल्या. "तिथं पोरींना तूच विचारणार ना, ठीक हाय का म्हणून?"

दुसऱ्या दिवशी गच्चीवर मोठी बोट होती. ताई सुरीनं फोम तासत होत्या, मी आत बसलेले.

"आता?"

"चालतंय."

त्यांनी सुरी खाली ठेवली. "चालतंय नको मला. दुखतंय का नाय, ते सांग."

"डावीकडं," मी म्हणाले. एवढं बोलताना कान तापले. त्यांनी डावीकडं तासलं. मग उजव्या गुडघ्याशी. मग पायाचे ठोकळे एक घर पुढं. माझ्या एका कमरेसाठी त्या बाईची अख्खी दुपार गेली. मला तिथून उठून भांडी घासावीशी वाटत होती, काहीही, पण असं बसून राहणं नको.

शेवटी खरंच कुठं चावेना. पाठ आपोआप ताठ राहत होती. मी तसं सांगितलं.

ताईंनी ऐकलं, पण उठल्या नाहीत. बोटीत हात घालून त्यांनी माझ्या पायाची बोटं चाचपली, गार आहेत का बघायला. एकदा, थोड्या वेळानं परत एकदा. माझ्या शब्दावर विसंबणं त्यांनी सोडलं होतं, आणि मी खरं बोलत असूनही त्यांना थांबवू शकत नव्हते. मी पाय तसेच, त्यांच्या हाताशी, पुढं धरून ठेवले.