चर्चच्या बेसमेंटमधली कबुली

कॅनडातल्या हॅलिफॅक्सच्या मराठी मंडळात अरुणा कोलारकर हे नाव निघालं, की लोक आपापली चूर्णाची डबी लपवतात. तीस वर्षं हॉस्पिटलच्या फार्मसीत काढलेली बाई. कुणी गावाहून झाडपाला आणल्याचा नुसता सुगावा लागला, तरी त्याची अशी बिनपाण्याने करायची, की माणूस पुढे साधा ओवासुद्धा चोरून खाई. नवरा शरदचंद्र हृदयाचे डॉक्टर. ते कमी बोलतात, कारण त्यांच्या वाटणीचंही बाईच बोलतात.

रिटायर झाल्यावर घरी बसवेना, म्हणून मंडळातलीच रुचा युनिव्हर्सिटीत संशोधन करते, तिच्या अभ्यासात त्या फुकट राबू लागल्या. केनियातून आलेली कुटुंबं तिकडची कोणती झाडपाल्याची औषधं घेतात आणि इथल्या गोळ्यांबरोबर ती घेतली तर काय होतं, असा तो अभ्यास. दर रविवारी चर्चच्या बेसमेंटमध्ये त्यांची जेवणं उरकली, की फॉर्म भरायचे. एक्केचाळीस फॉर्म झाले. एक्केचाळीस जणांनी एकच लिहिलं : काही घेत नाही.

रुचा खूश. महिनाअखेर रिपोर्ट द्यायचा, मग ही कुटुंबं जातात ते क्लिनिक झाडपाल्याचा प्रश्नच आपल्या फॉर्ममधून काढून टाकणार. पण त्याच बेसमेंटच्या किचनमध्ये एक झाकलेलं पातेलं रटरटत होतं, आणि विदर्भातल्या बाईला कडुनिंबाचा वास ओळखता येणार नाही होय! पातेलं न्याम्बुराबाईंचं. वय साठीचं, मधुमेहाच्या गोळ्या चालू, आणि महिन्यात दोनदा बसमध्ये चक्कर येऊन पडलेल्या. क्लिनिकला कारण सापडत नव्हतं. अरुणाबाईंना ते पातेल्यात दिसत होतं : गोळीनेही साखर उतरते आणि कडुनिंबानेही. तिसऱ्यांदा पडल्या आणि डोकं आपटलं तर?

त्यांनी रिपोर्ट थांबवायला सांगितलं. रुचा म्हणाली, काकू, लोक सांगतात तोच आपला डेटा. मग लोक सांगतील असं विचारायला शिकू, असं म्हणून बाईंनी तिच्याकडून एक रविवार मागून घेतला. लोक का सांगत नाहीत, हे त्यांना कुणी समजावायची गरज नव्हती. क्लिनिकमध्ये एकदा तोंड उघडून बोलणी खाल्लेला माणूस दुसऱ्यांदा उघडत नाही. आणि ती बोलणी घालणारी कोण, तर पांढऱ्या कोटातली कुणी अरुणाच.

त्या रविवारी त्यांनी फॉर्म बाजूला ठेवले आणि बायकांच्या मधोमध खुर्ची टाकली.

"दोन वर्षांपूर्वी मी बर्फावर घसरून मनगट मोडलं, असं सगळ्यांना सांगितलं. मी घसरले नव्हते. शुगरच्या गोळीवर बहिणीने पाठवलेली जांभळाच्या बियांची पूड घेत होते. शुगर उतरली आणि ड्राइव्हवेवर आडवी झाले. नवरा डॉक्टर आहे. त्यालाही हे माहीत नाही."

रुचाचं पेन थांबलं. ही बातमी मंडळभर व्हायला तिचा एक फोन पुरे होता, आणि ते अरुणाबाईंना पक्कं ठाऊक होतं.

"बघतेस काय? लिही. फॉर्म बेचाळिसावा. वय अडुसष्ट. रोज दोन चमचे."

न्याम्बुराबाईंनी आपली खुर्ची त्यांच्याजवळ ओढली.

"किती दिवस घेत होतीस?"

"चार महिने."

"मी अकरा," असं म्हणून त्या उठल्या आणि पातेलं आणून टेबलावर ठेवलं. मग कुणाच्या पर्समधून साल निघाली, कुणाच्या कोटाच्या खिशातून पाल्याची पुडी. चार वाजेपर्यंत एकोणतीस फॉर्म नव्याने भरले गेले. अरुणाबाई कुणाला एक शब्द बोलल्या नाहीत. दोनदा जीभ चावली, तेवढंच.

शरदचंद्रांना त्यांनी घरी जाताना गाडीतच सगळं सांगून टाकलं, रुचाचा फोन फिरायच्या आत. सोमवारी सकाळी न्याम्बुराबाईंना काढ्याच्या बाटलीसकट क्लिनिकला नेलं आणि त्यांच्या गोळीचा हिशेब नव्याने मांडला जाईपर्यंत तिथून हलल्या नाहीत.

पुढच्या रविवारी नवी कुटुंबं आली. रुचा फॉर्म वाटू लागली, तर अरुणाबाईंनी गठ्ठा काढून घेतला आणि खुर्ची पुढे सरकवली.

"आधी तू बस. वजन उतरायला पुण्याहून आईने कसली पूड पाठवलीय, ते सांग यांना."

रुचाचे कान लाल झाले. पण बसली, आणि सांगू लागली.