कातडं ते कातडंच

"बापाचं दुकान वर्गात घेऊन आलीस," सर म्हणाले. अकरा जण हसले. बारावी मी.

मी केलं काय होतं? शाईच्या डागाचं कार्ड हातात धरलं आणि दिसलं ते सांगितलं. सन एकसष्ट-बासष्टची गोष्ट. बेंगळुरूत मानसशास्त्रज्ञ व्हायचं शिक्षण घेत होते. रुग्णांच्या आधी आम्ही एकमेकांच्याच चाचण्या घ्यायचो. डाग बघायचा, काय दिसतं ते बोलायचं. मला कातडं दिसलं. बकऱ्याचं, खुंट्या मारून वाळत घातलेलं, मान वर, मागचे पाय खाली. आमचे अप्पा तिथल्याच शिवाजीनगरात जोडे शिवायचे. कातडं मी रांगत होते तेव्हापासून बघितलेलं. म्हणून नेमकं सांगितलं, आणि तेच नडलं.

त्या दिवसापासून दुपारचा डबा मी एकटीच खायची, मागच्या झाडाखाली. आमची घरची मराठी तिथं कुणाला येत नव्हती. चार शब्द बोलायला माणूस नाही. लई एकटं वाटायचं, रडूही यायचं.

आठवड्यानं सरांनी शेरे मारलेले चाचण्यांचे कागद गुण मोजायला आमच्यातच वाटले. माझा कागद माझ्याकडे आला, आणि सोबत एका वकिलाच्या मुलाचा. त्यालाही त्याच डागात कातडं दिसलेलं. वाघाचं, साधू बसतात तसलं. त्यावर सरांचा शेरा होता, 'सर्वसामान्य उत्तर. उत्तम.' माझ्यावर होता, 'जातीचा प्रभाव. रुग्णांसमोर बसवू नये.'

रुग्णांसमोर बसायचं नाही म्हणजे पदविका नाही. सगळं शिक्षण पाण्यात.

मी तपासणीचं पुस्तक उघडलं. त्यात छापलेलं, या डागात पुष्कळांना जनावराचं कातडं दिसतं. वाघाचं की बकऱ्याचं, याबद्दल एक अक्षर नाही. तीनदा वाचलं. आपला तो बाब्या अन् दुसऱ्याचं ते कार्टं, ते इथंही होतंच.

दुसऱ्या दिवशी वर्गात उभी राहिले. आधी पुस्तकातली ती ओळ वाचून दाखवली, मग दोन्ही शेरे. म्हणाले, "सर, कातडं ते कातडंच."

या वेळी कुणी हसलं नाही. माझ्या बाजूनंही कुणी बोललं नाही. सरांनी खोलीत बोलावून सांगितलं, माफी लिहून दे, मग शेरा खोडतो.

संध्याकाळी दुकानात अप्पांना सांगितलं. ते जोड्यावर वाकलेले. मान वर न करता, कानडी मिसळत म्हणाले, "लिहून दे की गं बाई. स्वल्प वाकलं म्हणून काय जातंय?"

"तुमची पाठ गेली, अप्पा."

कातडं टोचायचा टोचा तसाच त्यांच्या हातात राहिला. मला माझ्याच बोलण्याची लाज वाटली. पण शब्द मागं घेतला नाही.

सकाळी सरांच्या टेबलावर कागद ठेवला. त्यावर तीनच ओळी होत्या. बकऱ्याचं कातडं. वाळत घातलेलं. आणि खाली माझं पूर्ण नाव, बापाच्या नावासकट.

वर्ष बुडालं. बुडू दे, म्हटलं. पुढच्या साली मी परत बसणार. तेच कार्ड पुढं करा. मी कातडंच म्हणणार.