राखणदार पोहत गेला

त्रिवेणीबाई लग्न होऊन परभणीकडून हैदराबादेत काचीगुड्याला आल्या, तेव्हा त्यांना तेलुगूचं एक अक्षर कळत नव्हतं. वडील धरणावर राखणदार होते, ते त्याच पावसाळ्यात पुरात वाहून गेले. बाईंचं मन रमावं म्हणून नवऱ्याने, हिम्मतरावांनी, त्यांना डायनासोरचा सिनेमा दाखवला, तोही तेलुगूत. जनावर आलं की बाई डोळ्यांवर पदर घेत. म्हणजे दिसतही नाही आणि कळतही नाही. सगळा सिनेमा त्यांनी नवऱ्याच्या तोंडूनच ऐकला. बेटावरचा राखणदार पोरांना होडीत बसवून मागे राहतो, तिथे त्यांनी विचारलं, "त्याचं काय झालं?"

"वाचला की. पोहत गेला."

एवढ्या भांडवलावर बाईंनी तीसेक वर्षं तो सिनेमा डोक्यावर घेतला.

यंदा त्याचा दुसरा भाग आला. मुलगी शर्वरी दोघांना घेऊन गेली. बाई आता भाजीवाल्याशी तेलुगूत भांडतात, तेव्हा अडचण नव्हती. जनावरं अशी की अंगावरचा खवला न् खवला दिसावा. आणि सुरुवातीलाच राखणदाराची मुलगी बापाची हाडं शोधायला बेटावर उतरली.

"अहो, हा वाचला होता ना?"

हिम्मतराव पॉपकॉर्न चघळत राहिले. "सिनेमावाले काय, काहीही बदलतात."

घरी येताच बाईंनी शर्वरीला पहिला भाग टीव्हीवर लावायला लावला. जनावर रबरी वाटत होतं, चाल अवघडलेली. होडी सुटली तसे हिम्मतराव उठले.

"चहा टाकतो."

"बसा खाली."

या वेळी पदर मांडीवरच राहिला. राखणदार पोहला नाही. पाण्यात दोन हात मारायच्या आतच जनावराने त्याला संपवलं.

"तुम्हाला तर तेव्हाही तेलुगू येत होतं," बाई म्हणाल्या.

"हौ, येत होतं. पण तुला तेव्हा काय सांगायचं होतं, तूच सांग."

शर्वरीने मध्येच तोंड घातलं. "मग आई, भारी कोणता?"

"दुसरा. पहिल्यात तुझ्या बाबांनी सांगितलं तेवढंच चांगलं होतं." मग नवऱ्याकडे वळून, "माझ्या वडिलांना फार त्रास झाला नाही म्हणालात. तेव्हा धरणावर तुम्हीच गेला होतात. तेही असंच का?"

हिम्मतरावांनी टीव्ही बंद केला. मुलीला आत जायला सांगितलं, आणि सांगायला बसले.