न सारवलेली भुई

कडूबाईचं तोंड बघायच्या आधी मी तिचं सारवण बघितलं. त्र्याहत्तर सालचा पाऊस होऊन गेला होता, दुष्काळ सरला होता, माणसं पुन्हा मोठ्यानं बोलायला लागली होती. माहेरहून येऊन मी नेवाशाच्या स्टँडवर उतरले. शेडच्या कोपऱ्यात विड्यांची थोटकं आणि शेंगांची टरफलं पडली होती, आणि त्यातच चटईएवढी भुई सारवलेली. शेणाचे हात अर्धगोल, एकसारखे, एकात एक बसलेले. माझ्याबरोबर उतरलेली बाई म्हणाली, "अगं बया, हितं कुनी संसार मांडला?"

जिनं मांडला होता तिला दुसऱ्याच दिवशी तिथून उठवलं, असं नंतर कानावर आलं.

कडूबाई शेवगावच्या पलीकडची, कोरड्या मुलखातली. आधीची लेकरं जगली नाहीत, म्हणून हिला नजर लागू नये यासाठी आईनं नाव कडू ठेवलं. नवरा गेलेला, पोटी कुणी नाही. ओढ्याकाठी सरकारी पडीक जागेत तिचं कुडाचं घर होतं. दुष्काळात त्याच ओढ्यावर पाझर तलावाचं काम निघालं आणि कडूबाई तिथं माती वाहायला गेली. बांध उभा राहिला की पाणी आपल्याच उंबऱ्यात येणार, हे टोपलं उचलताना तिला दिसत होतं. मी तिला एकदा विचारलं तसं. म्हणाली, "दिसत हुतं की. पन टोपलं खाली ठिवलं असतं तर सांजंला खाल्लं काय असतं?"

पाऊस चांगला झाला. तलाव भरला. घर गेलं. गावानं नव्या पाण्याला नारळ फोडला, तेव्हा हिनंही हात जोडले. घर कुणाच्या नावावर नव्हतंच, तेव्हा विचारणार कोण आणि कुणाला.

आमचं घर नदीकडच्या महादेवाच्या देवळाला लागून. देवळाला तीन बाजूंनी ओवऱ्या आहेत. ओवरीला दार नसतं. गोसावी, वाटसरू, कुणीही यावं, अंग टाकावं. स्टँडवरून कडूबाई तिथं आली तेव्हा कुणी हूं का चूं केलं नाही. पोत्यावर पडायची, गाठोडं उशाला घ्यायची. मग एका सकाळी मच्छिंद्र गुरव पूजेला आला आणि बघतो तर कोपरा सारवलेला, वर दोन बोटांची रांगोळी. तो तसाच आबासाहेबांकडे गेला.

आबासाहेब देवळाचे पंच. माणूस वाईट नव्हता. दुष्काळात आपल्या आडावर त्यांनी कुणाची घागर रिकामी परत पाठवली नाही. पण सारवण बघून ते कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

"बाई, निजायला तुला कोन नको म्हनतंय? पन सारवलंस म्हंजे घर केलंस. आज सारवलं, उद्या चूल मांडशील, परवा तुळस लावशील. मग देवालाच म्हनशील, जरा सरकून घे."

लोक हसले. कडूबाई पण हसली, आणि गाठोडं उचलून चालू लागली.

मग गिरणीची पडवी झाली. चावडीचा ओटा झाला. बाजारतळावरचं छप्पर झालं. सगळीकडे तेच. घाणीत निजायची तोवर ती कुणाला दिसतच नव्हती. हात फिरवला की दिसायची, आणि दिसली की ऊठ.

बाजारतळावर मी तिला भाकरी घेऊन गेले. बोलता बोलता तिची नजर सारखी रस्त्याकडे. कुणाच्या पायताणाचा आवाज आला की अर्धी उठायची, हात गाठोड्यावर. मी म्हटलं, "कडूबाई, नको ना सारवूस. तेवढ्यानं निभावून जाईल."

"तसं बी करून बघितलं, ताई. डोळाच लागंना. जनावर झाल्यागत वाटतं." मग म्हणाली, "तुमच्या गोठ्यातलं शेन घिऊ का वाईच?"

मी म्हटलं, घे.

मार्गशीर्ष लागला. नदीवरचं वारं हाडात शिरायला लागलं. दत्तजयंतीला धरून देवळात सप्ताह बसायचा होता. सारवण, निवडण, टिपण ही सगळी बायकांची कामं, आणि बायकांवर रंगुबाईचा हुकूम. रंगुबाई म्हणजे आबासाहेबांची चुलत भावजय. वयानं त्यांच्याहून मोठी आणि तोंडानं त्याहून. कडूबाईनं ओवरीचा कोपरा सारवला तेव्हा "देऊळ हाय का धरमशाळा?" असं पहिल्यांदा तीच म्हणाली होती. पण अडलं की रंगुबाई कुणालाही हाक मारायची.

"ए कडू, हात बरा हाय तुझा. पटांगन आन ओवऱ्या सारवून दे. सप्ताभर जेवन हितंच."

"आन निजायला?"

"ते आबाला इचार."

"आबा काय म्हनत्यात ते ठावं हाय मला," कडूबाई म्हणाली आणि बादली उचलली.

सबंध दिवस ती खाली बसून मागं मागं सरकत होती. ऊन कललं तेव्हा आम्ही बायका बघायला गेलो. पटांगण असं झालं होतं की पाय ठेववेना. पण ओवरीच्या कोपऱ्यात एक पट्टी तशीच, धुळीनं भरलेली. एका माणसाला कूस बदलता येईल एवढी.

"हे गं काय?" रंगुबाई म्हणाली. "शेन सरलं का?"

"न्हाई. हाय की बादलीत."

"मग?"

"सारवलं की तुमी उठवता. न्हाई सारवलं तर कुनी काय म्हनत न्हाई. म्हनून तेवढी निजन्यापुरती ठिवली."

एक पोरगी फसकन हसली, आणि लगेच तिनं पदर तोंडात घातला. तेवढ्यात मांडवाचं बघायला आबासाहेब आले. त्यांनाही आधी ती पट्टीच दिसली.

"उद्या हितं वीणा उभा ऱ्हानार, आन देवाच्या दारात हे ठिगळ? सारव ते."

"सारवते, आबा. मग तितं निजू द्याल?"

"सप्ता हुईस्तोवर नीज."

"आन मग?"

"मग बघू."

"म्हंजे उठवनार." कडूबाईचा हात गाठोड्याकडे गेला होता. "मग ऱ्हाऊ द्या. धुळीत निजीन, पन उठवू नका. थंडी लई हाय आता."

मला वाटलं, आता रंगुबाईचं तोंड सुटणार आणि कडूबाईचं जेवणही जाणार. पण रंगुबाईनं कासोटा खोचला, गुडघ्यावर हात देऊन कशीबशी खाली बसली, बादली ओढली आणि ती पट्टी सारवायला लागली. तिला दम लागत होता. कडूबाईच्या सरळ हातांशेजारी तिचे हात वाकडेतिकडे उठत होते. पुरं झाल्यावर शेणाचा हात तसाच वर धरून म्हणाली,

"आबा भावजी, ही जागा आता म्या सारवली. तुमच्याच बोलन्यापरमानं माझं घर झालं का न्हाई? उठवायचं तर मला उठवा. आन माझ्या घरात कोन निजंल, ते माझं मी बघंन."

"वैनी, तुमचं आपलं काय तरीच..."

"काय माझं? बोला की."

आबासाहेबांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "ती बादली उचला आदी वाटंतनं," म्हणाले आणि मांडवाकडे गेले.

सप्ताह पार पडला. दत्तजयंतीच्या दुसऱ्या दिवशी मी देवळात गेले तर कडूबाई गाठोडं बांधून बसलेली, पट्टीच्या आत नाही, कडेला. मच्छिंद्र आला, पिंडीवर पाणी घालून गेला. आबासाहेब आले, हात जोडले, लांबूनच कोपऱ्याकडे बघितलं आणि मळ्याकडे गेले. ही आपली बसलेलीच. उन्हं वर आली तेव्हा रंगुबाई बादली घेऊन आली. "सरक," म्हणाली.

तेव्हापासून दर सोमवारी हेच. "पाच खनाचं घर हाय मला, आन हितं यिऊन गुडघं फोडून घेते," असं करवादत रंगुबाई तेवढी पट्टी सारवायची. बाकी सगळं देऊळ कडूबाई सारवायची, पण त्या पट्टीला हात लावायची नाही.

चैत्रात रंगुबाई तापानं पडली. सोमवारी मी बेल वाहायला गेले तर पट्टी ताजी सारवलेली. हात सरळ, एकात एक बसलेले. मी बघतेय हे बघून कडूबाई घाईनं उठली.

"ताई, जागा रंगुबाईचीच हाय बरं का. त्या पडल्यात म्हनून म्या निस्ता हात फिरवला."

बोलताना तिचा एक डोळा फाटकाकडे होता. गाठोडं या वेळी जवळ नव्हतं. भिंतीतल्या खुंटीला टांगलं होतं. गाठ मात्र तिनं अजून सोडलेली नव्हती.