अक्काची सुरुवात राहिली

चामराजपेटेत आमच्या अप्पांचं बाइंडिंगचं दुकान होतं. साऱ्या गावाची पुस्तकं शिवणारा माणूस, आणि घरच्या पुस्तकाला मात्र सुरी लावली! थोरली अक्का विषमज्वरानं वर्षभर घरी राहिली, म्हणून आम्ही दोघी बहिणी एसेसेल्सीला, म्हणजे मॅट्रिकला, एकाच वर्गात आलो. इंग्रजीला समुद्री चाच्यांची कादंबरी होती. अप्पांनी ती मधोमध उसवली आणि दोन भागांना वेगळे पुठ्ठे चढवले. "सहामाहीला बदला. भांडू नका."

अक्कानं झडप घालून दुसरा भाग पळवला. खजिना कुणाला मिळतो ते हिला आधी हवं! पण सुरुवातच ठाऊक नाही, तर कोण कुठला कसं कळणार? तांदूळ निवडताना माझ्या मागे लागायची, "स्वल्प सांग की गं, हा मेला कुणाच्या बाजूचा?" मी तिखटमीठ लावून सांगायची. तिचं समाधान व्हायचं नाही. म्हणायची, "राहू दे, मीच वाचीन."

वर्गात दोन प्रकरणं होतात न होतात, तोच तिचं लग्न ठरलं. स्थळ चांगलं म्हणे! चुलीत घाला ते चांगलं. अर्धं पुस्तक ट्रंकेत घालून ती हुबळीला गेली. मी परीक्षा दिली, पास झाले.

पहिल्या बाळंतपणाला ती माहेरी आली, तीही तो भाग घेऊन. "बाळ झालं की बाहेरून परीक्षेला बसणार. ह्यांनी हो म्हटलंय." मी माझा भाग पुढे केला, तर घेईना. "तुकडे पुरे झाले. अप्पा, दोन्ही एक करून द्या. पहिल्या पानापासून वाचणार."

"सरी, तसंच करू," अप्पा म्हणाले.

तिला कळा सुरू झाल्या, इस्पितळात नेलं. अप्पांना तिथे बसवेना. दुकानात येऊन त्यांनी दोन्ही भाग शिवले, खळ लावली आणि पुस्तक शिकंज्यात घालून आवळलं. "ती घरी येईस्तोवर सुकेल," मला म्हणाले.

अक्का आली नाही. बाळही नाही.

देवा, तुझं काय घोडं मारलं होतं रे तिनं? एक पुस्तक पहिल्यापासून वाचायचं होतं, एवढंच.

दिवसकार्य झालं, दुकान उघडलं. दुकानातला एकुलता एक शिकंजा तसाच आवळलेला होता. गिऱ्हाईक आलं की अप्पा त्याला पुढच्या गल्लीतल्या बाइंडरकडे धाडायचे. पाऊस सरला, थंडी सरली, शिवरात्रही झाली. शेवटी मीच जवळ गेले आणि विचारलं, "अप्पा, काढू का ते?"

"नको गं," ते म्हणाले. "अजून ओलं आहे."