जांभळ्या झाकणाचं पातेलं

"हरीश, इधर साइन करो," रेखा मॅडम म्हणाल्या आणि कागद त्याच्यापुढे सरकवला.

हरीशनं पेन उचललं नाही. तो कागद दुसऱ्यांदा वाचत होता. मी त्याच्या शेजारच्या खुर्चीत बसलो होतो, त्यामुळे मलाही दिसत होतं. स्पेशल डाएट विभागाचा इन्चार्ज म्हणून त्याच्या हातून निष्काळजीपणा झाला, एका पाहुण्या बाईंना हॉस्पिटलात न्यावं लागलं, सबब त्याला त्या विभागातून काढण्यात येत आहे, असा मजकूर होता.

"मॅडम, गलती मेरी है तो साइन करता हूं," तो म्हणाला. "पर गलती हुई कहां, वो तो बताइए."

"लॅब ने बताया ना. चिकन स्ट्यू में गेहूं मिला. स्ट्यू तुम्हारा था." मग त्या माझ्याकडे वळल्या. "शेफ पास्कल, आप सीनियर थे उधर. स्ट्यू में और किसी ने कुछ डाला?"

"नो, मॅडम," मी म्हणालो.

हरीशनं सही केली.

मी दिलेलं उत्तर खोटं होतं. ते कसं आणि कशामुळे, ते आता लिहून ठेवतो.

मी वसईचा. दुबईतल्या केटरिंगच्या किचनमध्ये माझी एकतीस वर्षं गेली. आता रिटायर होऊन मुलीकडे शारजात राहतो. शेवटच्या कंपनीत मी सूशेफ होतो, म्हणजे मुख्य शेफच्या खालोखालचा. आमचं काम आउटडोअर केटरिंगचं. सेंट्रल किचनमध्ये स्वयंपाक करायचा, व्हॅनमध्ये भरायचा, पार्टी असेल तिथं जाऊन शेवटचा हात फिरवायचा आणि वाढायचं.

रेखा मॅडम आमच्या ऑपरेशन्स मॅनेजर. मूळच्या केरळातल्या पालघाटच्या, बोलायला कडक, पण न्यायाच्या. हरीश परब कणकवलीचा, चाळिशीतला. स्पेशल डाएट म्हणजे ज्यांना काही पदार्थ बाधतात अशा लोकांचं जेवण. कुणाला शेंगदाणा चालत नाही, कुणाला दूध. हरीशचं टेबल वेगळं, सुऱ्या वेगळ्या, बोर्ड वेगळा, आणि पातेल्यांची झाकणं जांभळी. जांभळं झाकण हरीशशिवाय कुणी उघडायचं नाही, असा किचनचा नियम होता. एका हॉस्पिटलच्या किचनचं काम कंपनीला मिळणार होतं आणि तिथं मुख्य म्हणून हरीशचं नाव ठरल्यातच जमा होतं. त्यासाठी तो दोन वर्षं परीक्षा देत होता.

ती पार्टी खोर फक्कानच्या रस्त्यावर, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका खजुराच्या बागेत होती. दुपारचं जेवण, साठ माणसं. यजमान इटालियन इंजिनिअर. त्याची आई इटलीतल्या खेड्यातून खास आली होती. तिला सीलिॲक होता. या आजारात गहू अजिबात चालत नाही. गव्हातला जो चिकटपणा असतो, ज्यानं कणीक धरून राहते, तो ग्लूटेन. तो चिमूटभर पोटात गेला तरी आतडी बिघडतात. बाईंसाठी आणि त्यांच्या टेबलावरच्या सात-आठ जणांसाठी हरीशनं वेगळा चिकन स्ट्यू केला होता. गाजर, बटाटा, टोमॅटो, रोजमेरी, बस.

बारा वाजता हरीश काउंटरच्या पाट्या लावायला गेला. मी मागं तंबूत होतो. मी जांभळं झाकण उघडलं.

का उघडलं? सवय. मी सीनियर, माझ्या तोंडातून गेल्याशिवाय पदार्थ बाहेर जात नाही असा माझा तोरा. नियम ज्युनियर लोकांसाठी असतात, असं मी उघड म्हणत नसलो तरी वागायचो तसाच. स्वच्छ चमचा घेतला, चाखलं. अळणी नव्हतं, पण आजाऱ्याचं जेवण वाटत होतं. म्हातारी एवढ्या लांबून आली आणि हे खाणार? मी माझ्या बॅगेतली बाटली काढली आणि दोन मोठे चमचे बॉटल मसाला पातेल्यात ढवळला. टोमॅटोच्या लालीत त्याचा रंग उठून दिसला नाही. झाकण लावलं.

वसईच्या ख्रिस्ती घरांत बॉटल मसाला काय असतो ते सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगतो. मे महिन्यात बायका मिरच्या आणि वीस-पंचवीस जिन्नस उन्हात वाळवतात, भाजतात, कुटतात आणि बियरच्या काळपट बाटल्यांत ठासून भरतात, म्हणून ते नाव. माझी बायको फिलोमिना दरवर्षी करते. दर सुट्टीत दोन बाटल्या माझ्याबरोबर दुबईला यायच्या. अर्धा चमचा इथं, एक चमचा तिथं. कुणाला पत्ता नव्हता. "पास्कलच्या हाताला चव आहे" असं म्हणायचे, आणि मी म्हणू द्यायचो. ती चव फिलोमिनाच्या हाताची होती.

त्या संध्याकाळी बाईंना उलट्या सुरू झाल्या. पोटात कळा. दोन दिवस सलाईनवर होत्या. सुदैवानं बऱ्या झाल्या. आम्ही वाढताना प्रत्येक पदार्थाचा थोडा नमुना पिशवीत भरून तीन दिवस फ्रिजमध्ये ठेवतो, तक्रार आली तर तपासायला. स्ट्यूची पिशवी लॅबमध्ये गेली आणि गहू सापडला.

मॅडम केबिनमध्ये "गेहूं" म्हणाल्या, तेव्हा मला आमचं अंगण दिसलं. सुपात भाजलेली चण्याची डाळ, आणि शेजारच्या सुपात भाजलेले गहू. लहानपणापासून पाहत आलो होतो. पण माझ्या लेखी तो मसाला होता. मसाल्यात गहू आहे हे मला माहीत होतं आणि तरी कधी सुचलं नव्हतं. दुसऱ्या कुणाला हे पटणार नाही, पण झालं असंच.

सुचलं त्याच क्षणी मी "नो" म्हणालो. साठीनंतर माझा व्हिसा वर्षावर्षानं वाढत होता, ते एक कारण. खरं कारण हाताची चव. ती माझी नव्हे, हे सगळ्यांना कळलं असतं.

हरीशला मुहैस्नाहच्या लेबर कॅम्पच्या किचनला पाठवलं. तिथं रोज बाराशे माणसांची डाळ, भात, भाजी. काम वाईट नाही, पण हॉस्पिटलच्या यादीतून त्याचं नाव गेलं. तिथं कुणाला घ्यायचं ते ठरत नव्हतं.

तो मला शुक्रवारी भेटायला यायचा. रागावून नाही. मदत मागायला.

"काका, तुम्ही तिथं होतात. जरा आठवा ना," तो म्हणायचा आणि वही उघडायचा. वहीत त्यानं बागेचा नकाशा काढला होता. तंबू कुठे, व्हॅन कुठे, ब्रेडची टेबलं किती पावलांवर. वारा कुठल्या बाजूनं होता तेही लिहिलं होतं.

"पीठ उडून आलं असेल?" तो विचारायचा.

"अरे, सोड आता. खलास."

"सोडू कसं? उद्या परत झालं तर?"

मी त्याला चहा द्यायचो आणि विषय बदलायचो. असे पाच महिने गेले.

एका शुक्रवारी तो वही न घेता आला. बसला. म्हणाला, "काका, मी एकेक करून सगळं बाद केलं. चमचा बाद, बोर्ड बाद. वारा उलटा होता, तोही बाद. आता एकच उरलो, मी. म्हणजे माझाच हात कुठेतरी चुकला आणि मला कळलंही नाही. ज्याला आपली चूक कळत नाही त्यानं आजारी माणसाचं जेवण करू नये. मी मॅडमना सांगून टाकलं, मला हॉस्पिटलचं काम परत विचारूच नका."

"कधी सांगितलंस?"

"काल. रविवारपर्यंत तसं लिहून मागितलंय त्यांनी."

तो गेल्यावर मी वसईला फोन लावला. मला खात्री होती, तरी लावला.

"फिलोमिना, मसाल्यात गहू किती घालतेस?"

"आज काय झालं तुला? चाळीस वर्षं खातोयस आणि आज विचारतोस?"

"सांग ना."

"चार मूठ. दाटपणा कुठून येणार नाहीतर?" मग ती थांबली. "कुणाचं काय बिघडवलंस तू, पास्कल?"

तिला सगळं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "उद्या ऑफिस उघडं असतं ना?"

शनिवारी सकाळी मी बाटली कागदात गुंडाळून रेखा मॅडमच्या केबिनमध्ये गेलो. टेबलावर ठेवली. कागद सुटला.

"पास्कल! बियर? मेरे केबिन में?"

"मसाला है, मॅडम. घर का. वो स्ट्यू में मैंने डाला था. इसमें गेहूं है."

त्यांनी बाटली हातात घेतली नाही. पेन खाली ठेवलं.

"जांभळं झाकण तू उघडलंस?" हे हिंदीत विचारलं, पण त्या पहिल्यांदाच मला "आप" न म्हणता "तू" म्हणाल्या.

"हां, मॅडम."

"और उस दिन मैंने पूछा था."

"हां."

"मसाल्याची चूक मी माफ केली असती, पास्कल. किचनमध्ये चुका होतात, त्यासाठीच सॅम्पल ठेवतो. पण तू त्या माणसाच्या शेजारी बसून नो म्हणालास. ॲन्ड ही साइन्ड."

त्यांनी मला सगळं हातानं लिहायला लावलं. दोन पानं झाली. बाटली लॅबमध्ये गेली, आठवड्यानं रिपोर्ट आला. गहू होताच. हरीशच्या सहीचा तो कागद फाइलमधून काढला आणि त्या जागी माझी दोन पानं लागली. इटालियन साहेबांना कंपनीनं खरं कारण कळवलं. त्यांचं दोन ओळींचं उत्तर आलं. कळवल्याबद्दल आभार, आई बरी आहे. आमच्याकडे परत ऑर्डर मात्र दिली नाही.

मॅडमनी हरीशला माझ्यासमोरच सांगितलं. मला वाटलं तो ओरडेल. मी तयार होतो. तो खुर्चीत मागं टेकला आणि त्यानं दोन्ही हात उलटेसुलटे करून पाहिले.

"म्हणजे माझा हात बरोबर होता," तो म्हणाला. मॅडमना नाही, मलाही नाही. नुसतंच.

मग माझ्याकडे बघून म्हणाला, "पाच महिने चहा पाजलात, काका. एक दिवस तरी सांगायचं."

त्यानंतर तो माझ्याशी बोलेना. त्याला तो हक्क होता. त्यानं हॉस्पिटलची शेवटची परीक्षा दिली, पास झाला, आणि त्या किचनचा इन्चार्ज झाला. मुहैस्नाहच्या कॅम्पच्या किचनमध्ये त्याच्या जागी मी गेलो. ती शिक्षा होती. पण मी खोटं बोलणार नाही, ते माझं सगळ्यात बरं वर्ष गेलं. बिनमसाल्याचा, म्हणजे फिलोमिनाच्या मसाल्याशिवायचा, स्वयंपाक मी तिथं साठी उलटल्यावर शिकलो. पहिले पंधरा दिवस माझी डाळ पार बेचव होती. रांगेतला एक बिहारी मिस्त्री रोज ताट पुढं करून विचारायचा, "चाचा, आज भी पानी?" मग मी फोडणीला वेळ द्यायला लागलो, कांदा घाई न करता परतायला लागलो. एके दिवशी त्यानं न बोलता दुसऱ्यांदा डाळ घेतली.

तीन-चार महिन्यांनी हरीशचा फोन आला.

"शेफ, तुमच्या मिसेसचा नंबर द्या."

"कशाला रे?"

"बिनगव्हाचा मसाला करून बघायचाय. माझ्या पेशंट लोकांना उकडलेलं खाऊन कंटाळा आलाय. पण मला एकेका जिन्नसाचं नाव पाहिजे. लिहून, वजनासकट. अंदाज चालणार नाही."

मी नंबर दिला. त्या दोघांचं तासभर बोलणं झालं. फिलोमिना नंतर मला म्हणाली, "मुलगा चांगला आहे. मला मूठ म्हणजे किती ग्रॅम, ते विचारत होता. मी काट्यावर मूठ रिकामी करून मोजून सांगितलं." दाटपणासाठी दोघांनी मिळून नुसती चण्याची डाळ वाढवायचं ठरवलं. चौथ्या खेपेला जमलं म्हणे.

आता नवे कुक आले की हरीश त्यांना ट्रेनिंग देतो. त्यात तो बागेतली ही केस सांगतो. फळ्यावर नकाशा काढतो आणि विचारतो, गहू कुठून आला? पोरं चमचा म्हणतात, बोर्ड म्हणतात, वारा म्हणतात. गेल्या महिन्यात तो घरी आला होता, तेव्हा हे सांगत होता. माझी नात शेजारी बसली होती. तिनं विचारलं, "सो हू डिड इट?"

हरीश म्हणाला, "एक सीनियर शेफ होता."

"नाव सांगतोस का ट्रेनिंगमध्ये?" मी विचारलं.

"नाही काका. कशाला?"

"सांगत जा," मी म्हणालो. "तुझं नाव पाच महिने त्या कागदावर होतं."

तो हसला आणि नको म्हणाला. म्हणून शेवटी माझं नाव मीच इथं लिहिलं. आणि नव्या कुकसाठी माझ्याकडून एक सूचना. पदार्थात नको ती वस्तू सापडली तर चमचे आणि बोर्ड जरूर तपासा, पण आधी किचनमधल्या सगळ्यात जुन्या माणसाची बॅग उघडा.