चिंचेखालची ओल

कामावर आल्यावर चपला काढून ठेवणारा आमच्या शाळेत एकच माणूस होता, हवालदारकाका. देवळाबाहेर काढाव्यात तशा ते शाळेच्या दारातल्या चिंचेच्या सावलीच्या कडेला काढत, पायजमा वर खोवत आणि एकेक पाऊल टेकवत गवतात शिरत. लांबून वाटे, माणूस झोपेत चालतो आहे. खरं तर ते पाणी कुठवर मुरलं ते बघत असत. "डोळं फसवत्यात, बाई," ते मला म्हणायचे. "वरनं भिजल्यालं दिसतंय, खाली कोरडं ठाक. तळव्याला बरोबर कळतंय."

काका मूळचे खंडाळ्याकडचे. सैन्यातून निवृत्त होऊन ते सासुरवाडीचा ऊस बघायला सांगलीजवळ येऊन राहिले. पुढे मेहुण्यांनी शेती हातात घेतली, आणि काका आमच्या शाळेत माळी म्हणून लागले. मी तिथे मराठी शिकवत होते. स्वतःचं डोकं दर पंधरवड्याला लष्करी पद्धतीनं कातरून घेणारा हा माणूस गवत मात्र कधी बारीक कापू देत नसे.

शाळेच्या दारातली चिंच कुणी लावली हे कुणालाच ठाऊक नव्हतं. खाली नुसता फुफाटा. संस्थेच्या नव्या अध्यक्षांना दारात हिरवळ हवी होती, आणि चिंचेखाली काही उगवत नाही हे आपल्याकडे शेंबडं पोरही सांगतं. म्हणून त्यांनी चिंच तोडायचं ठरवलं. काका त्यांच्यापुढे सावधानमध्ये उभे राहिले आणि म्हणाले, "येक वरीस द्या, सायेब. झाड ऱ्हाऊ दे. गवत मी आणतो." मला वाटलं, म्हाताऱ्याला ऊन लागलं.

नदीकाठच्या एका आमराईतून त्यांनी सावलीत वाढणारं रुंद पात्याचं गवत आणून लावलं. आणि मग आमच्या मुलखातली हमखास चूक केली. उसाला लावतात तशी बुंध्याला गुडघाभर मातीची भर लावली आणि जमीन तुडुंब भरेपर्यंत पाणी सोडलं. कृष्णाकाठच्या शेतकऱ्याचा हात पाण्याला आखडत नाही. दोन महिन्यांत गवत कुजलं आणि चिंच पिवळी पडून पानं ढाळू लागली. आता ती जाणार म्हणून मला रडू आलं. मी काकांना नाही नाही ते बोलले. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मी झाडाला ऊस समजलो, बाई. उसाला वरसात तोडायचं असतंय. ह्याला न्हाई."

अध्यक्षांकडे जाऊन त्यांनी चूक स्वतःच्या तोंडानं सांगितली आणि उरलेली मुदत तेवढी मागून घेतली. मग आठ दिवस बसून हातानं ती माती काढली. खोरं मुळांना लागेल म्हणून घेतलंच नाही. त्यानंतर पाणी द्यायचं ते उजाडताना, बारीक धारेनं, बुंध्यापासून दूर, खूप वेळ. मग तीनचार दिवस थेंबही नाही. बुंध्याभोवती त्यांनी पाचोळ्याचं एक मोकळं वर्तुळ सोडलं. तिथे ना गवत, ना पाणी. ती झाडाची बसायची जागा आहे, असं ते मुलांना सांगत.

वर्षाअखेरीस गवत आलं. सगळीकडे सारखं नव्हे, पण आलं. अध्यक्ष बघायला आले तेव्हा काकांनी त्यांना बूट काढायला लावले. अध्यक्षांच्या एका मोज्याला भोक होतं, हे मी अजून विसरलेले नाही. ते चिंचेभोवती एक फेरी मारून आले, आणि तोडायची गोष्ट पुन्हा कधी निघाली नाही.

मग एका सकाळी काका गवतात एकाच जागी बराच वेळ थांबले. मला हाक मारून म्हणाले, "बाई, जरा चप्पल काढता का? हितं ओल हाय का, सांगा." मला वाटलं, माझी परीक्षा घेताहेत. पण शुगरनं त्यांच्या तळव्यांना काही कळेनासं झालं होतं, आणि ते त्यांनी कित्येक महिने लपवलं होतं. डॉक्टरांनी अनवाणी चालायला बंदी केली. तेव्हापासून रोज प्रार्थनेआधी मी गवतात फिरायची आणि काका कडेला चपला घालून उभे असायचे. चिंचेच्या बारीक पानांतून ऊन गळत असे, पानंही केसांवर गळत. शाळेची घंटा कुठल्या दुसऱ्याच गावची वाटे. मी इतकी सुखी क्वचितच झाले आहे.

मागच्या वर्षी मुलगा त्यांना खंडाळ्याला घेऊन गेला. दर रविवारी सकाळी फोन यायचा, "चप्पल काढली?" सुट्टीच्या दिवशीही मला शाळेत जावं लागे. एकदा आळस करून घरूनच ओल आहे म्हणून सांगितलं, तर म्हणाले, "कुकरची शिट्टी ऐकू येतीया, बाई."

गेल्या रविवारी फोन आला तेव्हा मी गवतातच होते. पलीकडे त्यांचा मुलगा होता. काका पहाटे गेले होते. मग तो अवघडत म्हणाला, "वडील कालच सांगत होते, उद्या मला जमलं न्हाई तर तू बाईंना इचार. ओल हाय का?"

मला पायाखालचं काही कळेना. तशीच उभी राहिले, तळवे नीट टेकवून, कळेपर्यंत.

"आहे," मी म्हणाले. "खोलवर आहे."